आजानुबाहूंची कसरत

बास्केटबॉल हा उंचांचा खेळ आणि वजने उचलणे हा बुटक्यांचा. पहिल्या खेळासाठी निवडलेल्या माणसाला दुसऱ्या खेळाच्या सामानावर तयार करायचे, या उद्योगाला बास्केटबॉलपटूंचे शक्तिप्रशिक्षण असे भारदस्त नाव आहे. गंमत म्हणजे या खेळाचा जन्मच व्यायामशाळेतला. १८९१च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, हिवाळ्यात कोंडून घातलेल्या विद्यार्थ्यांचा दंगा आवरावा म्हणून, व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. कठडा १० फुटांवर होता म्हणून टोपली १० फुटांवर. रिंग आजही तिथेच आहे. सुताराने तो सज्जा दोन फूट खाली बांधला असता, तर पुढे ज्यांची नावे येणार आहेत त्यांतल्या बऱ्याच मंडळींना पोटापाण्यासाठी दुसरा धंदा शोधावा लागला असता.

या खेळाडूंची मोजमापे घेताना उंचीपेक्षा हातांना अधिक मान असतो. दोन्ही हात आडवे पसरायचे आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत फीत धरायची. विहिरीची खोली सांगताना जुनी माणसे ज्याला वाव म्हणत, तेच हे माप. लिओनार्दो दा विंचीने १४९०च्या सुमारास काढलेल्या प्रसिद्ध चित्रात माणसाचा वाव त्याच्या उंचीइतका आहे, आणि चारचौघांच्या बाबतीत हा हिशेब साधारण जुळतो. एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये तो जुळत नाही. तिथल्या खेळाडूंचा वाव सरासरीने उंचीच्या १.०६ पट भरतो. सुदानच्या मनूट बोलची उंची ७ फूट ७ इंच, तर वाव ८ फूट ६ इंच. २०१९च्या निवड चाचणीत टाको फॉल या सेनेगलच्या तरुणाने नुसते उभे राहून हात वर केला, तेव्हा त्याची बोटे १० फूट अडीच इंचांवर पोचली. म्हणजे रिंगला हात लावण्यासाठी ज्याने उडी मारणे ही निव्वळ हौस ठरावी असा हा माणूस. उलट उदाहरण जे. जे. रेडिकचे. त्याचा वाव त्याच्या उंचीहूनही कमी होता. तरी तो लांबून चेंडू टाकण्याच्या जोरावर १५ हंगाम खेळला आणि पुढे लॉस एंजेलिस लेकर्सचा प्रशिक्षक झाला. नियमाला अपवाद असतात ते असे, पगारी.

उंचीच्या आकड्यावर मात्र फारसा विश्वास ठेवू नये. बुटांसकट उंची सांगण्याची प्रथा एनबीएत अनेक वर्षे सुखाने नांदत होती. २०१९ साली लीगने अनवाणी मोजण्याची सक्ती केली आणि एका रात्रीत अनेक खेळाडू इंचा-दीड इंचाने खुजे झाले. केव्हिन ड्युरंट हा उलट्या दिशेने खोटे बोलणारा. तो सात फुटांच्या आसपास असूनही वर्षानुवर्षे ६ फूट ९ इंचच सांगत असे, कारण फार उंच ठरला की रिंगखालच्या धक्काबुक्कीच्या जागी उभे करतात. स्त्रियांशी बोलताना मात्र आपली उंची ७ फूट असते, असा खुलासा त्याने स्वतःच केला आहे.

आता बेंच प्रेस. बाकावर उताणे पडायचे, बार छातीला टेकवायचा आणि हात सरळ होईपर्यंत वर ढकलायचा. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन, हे शाळेच्या विज्ञानात शिकवतात आणि परीक्षा झाली की सगळे विसरतात. जिमचे ट्रेनर त्यांत आघाडीवर. १०० किलोचा बार आखूड हातांच्या गड्याला छातीपासून, समजा, ३५ सेंटिमीटर वर न्यावा लागतो. लांब हातांच्याला ५५. पहिल्याचे कार्य होते ३४३ ज्यूल, दुसऱ्याचे ५३९, म्हणजे दीडपटीहून अधिक. वहीत दोघांच्या नावापुढे १०० किलोच. दोघांनी दहा-दहा वेळा उचलले, तर एकाने क्विंटलचे पोते पहिल्या मजल्यावर पोचवले आणि दुसऱ्याने जवळजवळ दुसऱ्या. हमाल असते तर मजुरी वेगळी मिळाली असती. जिममध्ये दोघांना सारखीच शाबासकी.

दुसरी अडचण तरफेची. बार खाली येतो तेव्हा दंड आडवा होतो. खांदा हा टेकू आणि भार कोपराच्या रेषेत. खांदा ते कोपर अंतर ३० सेंटिमीटर असेल, तर १०० किलोच्या बारचे एका खांद्यावरचे आघूर्ण ठोकळमानाने १४७ न्यूटन-मीटर होते. ३८ सेंटिमीटर असेल तर १८६. छातीचा स्नायू दंडाच्या हाडाला सांध्यापासून काही सेंटिमीटरवरच चिकटलेला असतो. हात लांबला म्हणून तो बिचारा त्याच प्रमाणात पुढे सरकून बसत नाही. त्यामुळे या व्यायामाला आदर्श शरीर म्हणजे आखूड हात आणि भरदार छाती, कारण मग अंतर दोन्ही टोकांनी कमी होते. पॉवरलिफ्टिंगवाल्यांनी तर तिसरी युक्ती काढली. पाठीची कमान करून छातीच बारच्या भेटीला वर न्यायची. ही कमान पुढे इतकी वाढली की कोपर किती खाली आले पाहिजे, याचा नियम आंतरराष्ट्रीय महासंघाला २०२३मध्ये करावा लागला.

आजानुबाहू असणे हे पुराणांत महापुरुषाचे लक्षण मानले आहे. बेंच प्रेसने पुराणे वाचलेली नाहीत. २००७ साली निवडीपूर्वीच्या चाचणीत ड्युरंटसमोर १८५ पौंडांचा, म्हणजे ८४ किलोंचा बार ठेवण्यात आला. तो किती वेळा उचलता येतो ते पाहायचे होते. ड्युरंटने एकदाही उचलला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हातही थोडाथोडका नव्हता. वाव ७ फूट ५ इंचांच्या घरात. बातमी सगळीकडे झाली, तज्ज्ञांनी माना हलवल्या. निवडीत पहिला क्रमांक ग्रेग ओडनला मिळाला (त्याचे कारण बेंच प्रेस नव्हे, तर रिंगखाली उभ्या राहणाऱ्या भरभक्कम सेंटरची सगळ्या संघांना असणारी ओढ), आणि ड्युरंटला सिएटलच्या संघाने दुसऱ्या क्रमांकावर घेतले. पुढच्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढे चार वेळा लीगमध्ये सर्वाधिक गुणांचा मानकरी झाला आणि २०१४मध्ये सर्वोत्तम खेळाडू. बास्केटबॉलच्या नियमावलीत मैदानावर उताणे पडून प्रतिस्पर्ध्याला छातीवरून वर ढकलण्याचा प्रसंग येत नाही, ही गोष्ट चाचणी घेणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी.

तरीही त्या शून्याचे सगळे पाप हातांच्या माथी मारणे बरोबर नाही. तो १८ वर्षांचा होता आणि खरोखरच काटकुळा होता. लांब हातांनी काम अवघड होते, अशक्य होत नाही. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण जिममध्ये फार ऐकू येते. या बाबतीत पंचाईत अशी की अंगण खरोखरच वाकडे असते, आणि नाचताही पुरते आलेले नसते. चांगल्या प्रशिक्षकाला दोन्हींचा वाटा वेगळा काढता यावा लागतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये तर हा विरोधाभास सरकारी कागदासारखा दोन रकान्यांत मांडलेला असतो. आघाडीच्या रांगेतल्या खेळाडूचे हात लांब हवेत म्हणून ते फितीने मोजतात, आणि लगेच त्याच हातांनी १०२ किलोंचा बार किती वेळा ढकलला ते मोजून कमी भरला म्हणून हळहळतात.

उंचीचा प्रश्न हातांहून जुना आहे. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात तो सोडवून ठेवला. शरीर सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात मोठे केले, तर स्नायूचा काटछेद वर्गाने वाढतो आणि वजन घनाने. साडेपाच फुटी, ६६ किलोंचा माणूस त्याच ठेवणीने सात फुटांपर्यंत वाढवला, तर त्याची ताकद सुमारे १.६ पट होईल आणि वजन दुपटीच्या पुढे, १३६ किलोंच्या आसपास. म्हणजे एकूण ताकद वाढली, पण स्वतःला उचलण्याच्या कामी तो गरीबच झाला. असा माणूस प्रत्यक्षात पाहायचा तर शकील ओनील. ७ फूट १ इंच आणि कारकिर्दीत १४५ किलोंच्या वर. पण बहुतेक उंच खेळाडू असे प्रमाणात मोठे झालेले नसतात, ते नुसतेच ओढलेले असतात. मनूट बोल ७ फूट ७ इंच असून ९० किलोंच्या आसपास होता. त्याच्या वाट्याला उंचीचे तोटे सगळे आले आणि स्नायूंचा फायदा आलाच नाही. तरी पहिल्याच हंगामात, १९८५-८६मध्ये, त्याने ३९७ फटके अडवले. हात नुसते वर धरून ठेवणे हीही एक कसरतच म्हणायची.

वजने उचलण्याचा खेळ कुणाचा, हे १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या नईम सुलेमानोग्लूने दाखवून दिले. उंची १४७ सेंटिमीटर, वजनी गट ६० किलो, आणि डोक्यावर उचललेला बार १९० किलोंचा. मूर्ती लहान पण कीर्ती महान. त्याच्या एक वर्ष आधी वॉशिंग्टनच्या बास्केटबॉल संघात बोलच्या जोडीला ५ फूट ३ इंचांचा मग्सी बोग्स आला. दोघांत अंतर २ फूट ४ इंचांचे. अशा संघासाठी भिंतीवर व्यायामाचा एकच तक्ता लावायचा, तर तो कुणाच्या मापाने लावावा, याचे उत्तर अनेक जिमना अजून सापडलेले नाही. आपल्याकडच्या तालमीतही वस्ताद जोर किती मारले ते मोजतो; जोर मारणाऱ्याची छाती जमिनीपासून किती वर गेली, हे तो पाहत नाही. पाहण्याचे कारणही नसते, कारण तिथे तयार व्हायचा असतो तो पैलवान.

स्क्वॉटमध्ये, म्हणजे पाठीवर बार घेऊन बसण्या-उठण्यात, हात निर्दोष सुटतात आणि मांड्या पकडल्या जातात. माणूस बसतो तेव्हा त्याचा आणि बारचा मिळून गुरुत्वमध्य तळपायाच्या वर राहावा लागतो, नाही तर तो मागे कलंडतो. मांडीचे हाड लांब असले की बसताना कुल्ले फार मागे जातात. मग तोल सांभाळायला धड पुढे झुकवावे लागते आणि मांड्यांचा व्यायाम कंबरेवर येऊन पडतो. ट्रेनर ओरडतो, "पाठ सरळ!" पाठ सरळ ठेवली तर खेळाडू रॅकवर आदळेल, हे ट्रेनरला दिसत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या मांड्या आखूड असतात. लांब मांड्यांच्या माणसाला पारावर उकिडवे बसवून पाहावे. तो एक तर गुडघ्यांना मिठी मारतो किंवा मागचे झाड धरतो.

डेडलिफ्टमध्ये हातांना प्रथमच न्याय मिळतो. जमिनीवरचा बार उचलून सरळ उभे राहायचे, म्हणजे हात जितके लांब तितके वाकणे कमी आणि बार जितका खाली लोंबेल तितके अंतर कमी. १९८५ साली लमार गँट या अमेरिकी पॉवरलिफ्टरने स्वतःच्या वजनाच्या पाचपट भार असा उचलला. ६० किलोंच्या गटात ३०० किलो. हात विलक्षण लांब, आणि कणा वाकडा असल्यामुळे धड आखूड. डॉक्टरांच्या दृष्टीने जी व्याधी, ती बारच्या दृष्टीने सोय ठरली. बास्केटबॉलपटूला मात्र हा लाभ पुरता मिळत नाही. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असतो. उचलणारा पाच फुटी असो की सात फुटी, प्लेटला त्याचे सोयरसुतक नसते. सात फुटी माणसाला तो बार घोट्याच्या थोडा वर दिसतो आणि हातांनी जे मिळवले ते पायांनी घालवले जाते.

जागेचे हालही काही थोडे नाहीत. पुल-अपच्या दांडीला लटकले की पाय जमिनीला टेकतात, म्हणून गुडघे दुमडून लोंबायचे. शिवाय हात लांब म्हणून वर जाण्याचे अंतर जास्त आणि वर न्यायचे वजनही जास्त. बार डोक्यावर ढकलायचा, तर तळमजल्यावरच्या दुकानात थाटलेल्या जिममध्ये छताचा पंखा आधी बंद करून घ्यावा. यंत्रांच्या खुर्च्या सरासरी माणसासाठी घडवलेल्या, त्यांची खाच संपते तिथे या मंडळींचे गुडघे सुरू होतात. अंथरूण पाहून पाय पसरावे हा उपदेश इथे काटेकोरपणे पाळावा लागतो.

उपाय आहेत, आणि ते मुख्यतः सामानाला माणसाच्या मापाने वागायला लावण्याचे आहेत. बेंच प्रेसऐवजी जमिनीवर पडून प्रेस करतात. कोपरे फरशीला टेकली की बार तिथेच थांबतो, आणि खांदा ज्या टोकाच्या स्थितीत दुखावतो तिथवर जातच नाही. बारऐवजी डंबेल दिले की मनगटे हवी तशी वळवता येतात. पाठीवर वजन ठेवून जोर मारणेही चालते. डेडलिफ्टसाठी बार ठोकळ्यांवर चढवून ठेवतात किंवा सरळ ट्रॅप बार घेतात. हा चौकटीसारखा सांगाडा अल जेरार्ड या पाठदुखीने गांजलेल्या पॉवरलिफ्टरने १९८०च्या दशकात तयार केला. त्यात माणूस बारच्या मागे नव्हे, मधोमध उभा राहतो, मुठी बाजूला येतात आणि कंबरेवरचा ताण घटतो. उंच खेळाडूंच्या कंबरांनी या गृहस्थांचा पुतळा उभारायला हवा होता. स्क्वॉटला पर्याय म्हणजे बार पुढे खांद्यांवर घेणे, टाचेखाली पाचर देणे, किंवा एक पाय मागे बाकावर ठेवून एका पायावर बसणे. शेवटचा प्रकार दिसायला केविलवाणा असला तरी उपयोगी आहे, कारण मैदानात उडी पुष्कळदा एकाच पायावर घेतली जाते. पूर्ण खाली बसण्याचा आग्रहही सोडावा. रिंगवरून उसळलेला चेंडू पकडायला कुणी उकिडवे बसून झेपावत नाही.

आकडेमोडही बदलावी लागते. लांब हातांच्या खेळाडूची आठ आवर्तने म्हणजे आखूड हातांच्याची बारा, असे मोघम धरले तरी बरेच भांडण मिटते. शेजाऱ्याच्या बारशी तुलना न करता मागच्या महिन्यातल्या स्वतःच्या बारशी करावी. ढकलण्याइतकेच, किंबहुना जास्त, ओढण्याचे व्यायाम द्यावेत, कारण लांब हात फेकून-अडवून थकलेले खांदे पुढे गळतात. उड्यांनी गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा दुखत असेल, तर भार न हलवता नुसता धरून ठेवण्याचे व्यायाम कामी येतात. पाहणाऱ्याला वाटते खेळाडू आळस करतोय.

एका बाबतीत थट्टा बाजूला ठेवावी लागते. वाव उंचीच्या १.०५ पटींहून जास्त असणे हे मार्फन सिंड्रोम या जनुकीय विकाराच्या लक्षणांपैकी एक आहे. त्यात हृदयातून निघणारी महाधमनी कमकुवत होऊ शकते, आणि दम कोंडून जड वजन उचलणे अशा शरीराला घातक. एनबीएची सरासरीच या मर्यादेच्या वर असल्यामुळे नुसत्या फितीने काही ठरत नाही. हृदयाची आणि डोळ्यांची तपासणी आणि जनुकीय चाचणी लागते. बेलर विद्यापीठाच्या ७ फूट १ इंचाच्या आयझेया ऑस्टिनला २०१४मध्ये निवडीच्या ऐन तोंडावर हे निदान झाले. लीगने त्या रात्री मंचावर बोलावून त्याची मानाची निवड जाहीर केली. जिममध्ये लांबसडक नवा मुलगा आला, तर बार दाखवण्याआधी डॉक्टर दाखवावा.

वाढत्या वयातल्या मुलांचे गणित आणखी निराळे. एनबीए गाजवणारा अँथनी डेव्हिस शाळेत असताना ६ फूट २ इंचांवरून ६ फूट १० इंचांवर गेला. हाडे आधी पळतात, स्नायू मागून येतात, आणि मेंदूला आपला हात कुठवर आला याची वर्दी सर्वांत शेवटी मिळते. या काळात मुलगा दाराच्या चौकटीला, टेबलाला आणि पाहुण्यांच्या चहाला धडकत असतो. घरचे त्याला वेंधळा म्हणतात. प्रशिक्षकाने त्याला हलक्या वजनावर ठेवून हालचाल पुन्हा शिकवावी, कारण गेल्या वर्षीचे शरीर त्याच्याकडे आता नसते. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग असाच ताडमाड वाढत लुधियानाच्या अकादमीत पोचला, तिथून फ्लोरिडात गेला आणि २०१५मध्ये ७ फूट २ इंचांवर डॅलसच्या संघाने त्याला निवडले. भारतात जन्मलेला तो पहिलाच. एनबीएच्या सामन्यात उतरण्याचा योग मात्र आला नाही. आता तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्ती खेळतो, जिथे बारऐवजी माणसे उचलतात आणि सेंटिमीटरचा हिशेब कुणी मागत नाही.

सध्याच्या पिढीत या सगळ्या अडचणी एकत्र पाहायच्या असतील, तर फ्रान्सचा व्हिक्टर वेंबान्यामा पाहावा. उंची ७ फूट ४ इंचांच्या आसपास, वाव ८ फूट. २०२३मध्ये सॅन अँटोनिओने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले, तेव्हा याला जाड करा, असा सल्ला देणाऱ्यांची रांग लागली होती. त्याच्या प्रशिक्षकांचे लक्ष दुसऱ्या टोकाला होते. हा मुलगा अनवाणी होऊन पायाच्या बोटांचे व्यायाम करी, कारण एवढा लांब सांगाडा वळताना, थांबताना आणि उडी मारून खाली येताना शेवटी तोल सावरतात ती बोटेच. पहिल्या हंगामात त्याने २५४ फटके अडवले आणि त्या यादीत तोच पहिला आला. २०२५च्या उन्हाळ्यात तो चीनमधल्या शाओलिन मठात गेला, डोक्याचे मुंडन केले, भिक्षूंची वस्त्रे घातली आणि त्यांच्याबरोबर कुंग-फूचे धडे गिरवले. शाओलिनच्या अभ्यासक्रमात बेंच प्रेस नाही.